सेवेच्या वहीतला दुसरा रकाना

(चिखली येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या प्रत्येकीच्या मंडळाची एक वही असेल. हळदीकुंकवाला किती जणी आल्या, शाळेला किती पाट्या दिल्या, दवाखान्यात फळं कधी वाटली, हे सगळं तिच्यात असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळानं मला त्यांचा इतिहास लिहायला सांगितला, म्हणून मी त्यांच्या वह्या वाचायला घेतल्या. एका पानावर शिवणवर्गाच्या हिशेबाखाली एकच ओळ होती. रात्री एक बाई आली, समजूत घालून तिला घरी पोचवलं. नाव नाही. पुढे तिचं काय झालं, तेही नाही.

मला राग आला. पण तो फार वेळ टिकला नाही. एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागले, त्या पहिल्याच वर्षी मीही एका बाईला असंच परत पाठवलं होतं. दोन्ही घरची माणसं बसवली, समेट घडवला आणि फाइलवर 'प्रकरण निकाली' असं लिहिलं. चार महिन्यांनी ती मोडलेला हात घेऊन आली. म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण तुम्ही मला विचारलंच नाही, की मला जायचंय का."

सेवा म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. त्याचं उत्तर शोधताना मला आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भेटल्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला, जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली; पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं सगळ्या स्त्रीजातीला झोडपलं. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं, की दोष एकट्या बाईचाच कसा? हे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे आपल्या पिढ्यांच्या हाती आलं.

विजयालक्ष्मीला गरज कशाची होती? बाळंत होण्यासाठी एका दाराची. असं दार पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ सालीच उघडलं होतं, बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या रूपानं. ताराबाईंचे वडील सत्यशोधक विचारांचे होते. तेव्हा प्रश्न विचारणं आणि दार उघडणं, ही दोन्ही कामं एकाच मुळातून आलेली आहेत.

आता नागपूरकडे पाहू. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि नागपूर ही आपली राजधानी होती. तिथं कमलाताई होस्पेट नावाची एक बालविधवा डफरिन हॉस्पिटलात परिचारिकेचं आणि सुईणीचं शिक्षण घेत होती. बाळंतपणात बायकांचे होणारे हाल तिनं पाहिले. १९२१ साली तिनं आणि वेणूताई नेने यांनी मिळून मातृसेवा संघ सुरू केला. ज्या बाईला शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, तिनंच दुसऱ्यांची लेकरं सुखरूप जगात आणायचं काम हाती घेतलं! प्रसूतिगृहापासून सुरू झालेलं हे काम पुढे परिचारिकांचं शिक्षण, मतिमंद मुलांची शाळा, वृद्धांचं घर असं वाढत गेलं. १९५८ साली संघानं समाजकार्याचं महाविद्यालयही काढलं.

मंडळांच्या इतिहासात हेच राहून जातं. कमलाताईंनी बायकांना फळं वाटली नाहीत, त्यांच्या हातात धंद्याचं कौशल्य दिलं. बाईला काय हवं आहे, हे आधी पाहिलं आणि मग सेवा केली. आपल्याकडे १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं, अनुदानं आली, गावोगाव महिला मंडळं उभी राहिली. त्या मंडळांनी पुष्कळ केलं. ज्या काळात बाईला घराबाहेर बसायला जागा नव्हती, त्या काळात त्यांनी ती जागा दिली. हे मी कमी लेखत नाही. पण अनुदानाच्या अहवालात बसतं तेवढंच काम, अशी सवयही त्यातून लागली. मार खाणारी बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

आणि न जन्मलेली मुलगीही बसत नव्हती. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ साली त्या ८५५ झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, तेही १९८८ साली. त्या दहा वर्षांत जिजाऊंच्या जिल्ह्यात जिजाऊंच्या नावानं कार्यक्रम होतच होते. आपल्या वह्यांमध्ये या मुलींबद्दल एक तरी ओळ आहे का?

आज आपल्या हातात एक साधन आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर कुणाच्याही नावावर असो. या कायद्यात नोंदणीकृत संस्थेला 'सेवा पुरविणारी संस्था' म्हणून शासनाकडे नोंद करता येते. अशी संस्था बाईच्या इच्छेनं घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे पाठवू शकते, तिची वैद्यकीय तपासणी करवून घेऊ शकते, तिला निवाऱ्यापर्यंत पोचवू शकते. सेवा हा आपलाच जुना शब्द आहे, पण इथं त्याच्यामागे कायद्याचं बळ उभं आहे.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. मंडळाच्या वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात आपण काय दिलं, ते लिहा. दुसऱ्यात बाईनं काय मागितलं, ते तिच्या शब्दांत लिहा. तिची संमती असेल तरच नाव लिहा, आणि ती वही कुलपात ठेवा. वर्षाअखेरीला दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा.

त्या जुन्या मंडळाचा इतिहास मी लिहून दिला. रात्री आलेल्या बाईची ओळ त्यातून गाळावी, असं काही जणींचं म्हणणं होतं. बरीच चर्चा झाली. शेवटी मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "राहू दे. मीच पोचवलं होतं तिला."

ती ओळ इतिहासात आहे.