नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे
(युवक शिबिरातील भाषण)

दोस्तांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या बायांनो,

पहिली गोष्ट, बायांनो, पुढं या. विषय तुमचा आणि जागा मागची, हे इथं चालायचं नाही.

विषय असा आहे : धंद्यातल्या बाईला म्हणायचं काय? वेश्या म्हणायचं, पीडिता म्हणायचं, की सेक्स वर्कर म्हणायचं? स्त्रीमुक्तीच्या चळवळीत ह्यावरनं चाळीस वर्षांच्या वर भांडण चाललंय. आपली पोरं मला विचारतात, बाई उपाशी मरतीय आणि ह्या शिकलेल्या बाया शब्दावरनं कसल्या भांडतात? मी म्हणते, जगानं कुणीही हे विचारावं, आपण विचारू नये. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' ह्या शब्दावरनं भांडण झालं. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक सांगत होते, हे नाव आम्हाला नको. बहुमतवाल्यांनी ते रेटून नेलं. आपले लोक सभागृह सोडून बाहेर पडले. ते शब्दासाठीच बाहेर पडले ना? आपलं नाव दुसऱ्यानं ठेवायचं नाही, एवढ्यासाठी बाहेर पडले. मग आपल्याला हे भांडण कळायला पाहिजे.

मराठीत एका अनुस्वाराचा फरक आहे. नाव ठेवणं म्हणजे बारसं करणं. नावं ठेवणं म्हणजे निंदा करणं. ह्या व्यवस्थेत ज्यांनी आपलं बारसं केलं, त्यांनीच निंदा केली. एकाच तोंडानं दोन्ही कामं उरकली.

आता मराठीतले शब्द बघा. 'रांड' म्हणजे काय? जुन्या मराठीत रांड म्हणजे विधवा. जिचा नवरा मेला ती रांड आणि जी धंदा करते तीही रांड. म्हणजे जिच्यावर कुणा एका पुरुषाची मालकी नाही, ती बाई रांड. शब्दकोशानंच कबुली दिलीय. दुसरा शब्द 'कसबीण'. मूळ अरबी शब्द 'कस्ब', म्हणजे कमाई, धंदा, हुन्नर. कारागिराच्या हातात कसब असलं की त्याचं कौतुक. तोच शब्द बाईला लावला की शिवी. म्हणजे हे काम आहे, ह्यात कमाई आहे, हे भाषेला शेकडो वर्षं ठाऊक होतं. तरी बाईची इज्जत झाली नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिसरा ढीग : मुरळी, जोगतीण, देवदासी, भाविण. हे शब्द धंद्याचे नाहीत, देवाच्या दारातले आहेत. खंडोबाला पोर वाहिली, मुरळी झाली. यल्लम्माला वाहिली, जोगतीण झाली. वाहिलेल्या पोरी बहुतेक कुणाच्या? महारामांगाच्या. देवाशी लग्न लागलं आणि पाटलाच्या वाड्यात नांदली. मग तिथनं सांगली, मिरज, पुणे, मुंबई. मुंबई इलाख्यात १९३४ साली ह्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली, महाराष्ट्रात पुन्हा २००५ साली. एकाच गोष्टीला परत परत कायदा करावा लागतो, तेव्हा समजायचं की गोष्ट मुळातनं उखडली नव्हती.

आणि चौथा ढीग पांढरपेशांचा : पतिता, वारांगना, अभागिनी. पतिता म्हणजे पडलेली. ती पडली म्हणे. ढकलणारा कोण, ते शब्दात नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच पुरुषांना धरून विचारलं होतं की बाईला नासवणारे तुम्ही आणि नावं बाईला कशी ठेवता? त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

एवढी आपली शिदोरी. आता स्त्रीमुक्तीवाल्यांकडं येऊ.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सत्तरीच्या दशकाच्या शेवटी स्त्रीवाद्यांची एक परिषद होती. तिथं कॅरल ली नावाची बाई गेली. ती स्वतः धंदा करायची. एका बैठकीच्या नावात तिनं शब्द वाचले, त्यांचा अर्थ असा : 'लैंगिक वापराचा उद्योग'. ती म्हणाली, ह्यात पुरुष मला वापरतो एवढंच आहे. मी काय करते ते कुठाय? मी काम करते. तिथनं 'सेक्स वर्क' हा शब्द निघाला. धंद्यातल्या बाईनं काढला, प्राध्यापकानं नाही.

दुसरी बाजूही ऐका, ती येडी नाही. १९७९ साली कॅथलीन बॅरी ह्या बाईंनी पुस्तक लिहिलं, त्यात ह्या सगळ्याला त्यांनी गुलामगिरी म्हटलं. त्या बाजूच्या स्त्रीवादी म्हणतात, 'वेश्या' म्हणू नका, 'वेश्या केली गेलेली बाई' म्हणा, म्हणजे करणारा दिसेल. काम म्हटलं की दलाल मॅनेजर होतो, गिऱ्हाईक ग्राहक होतं आणि बलात्काराला मजुरीची पावती मिळते. ह्या बोलण्यात दम आहे. जिला बाराव्या वर्षी विकली तिला कामगार म्हणणं ही थट्टा आहे. अठराच्या आतली पोर असली की तिथं वाद नाही, चर्चा नाही. ती पोर आहे आणि तिच्यावर अत्याचार झालाय. बास.

पण सज्ञान बाईचं काय? तिला पीडिता म्हटलं की तिच्या हातात काय पडतं? माझा मुद्दा हाच आहे. शब्द गोड की कडू हे बघू नका. तो शब्द घेऊन बाई पोलीस चौकीत गेली, रेशनच्या दुकानात गेली, दवाखान्यात गेली, तर तिला काय मिळतं ते बघा.

१९५६ साली कायदा आला, त्याला 'सिटा' म्हणायचे. १९८६ साली नाव बदलून 'पिटा' झाला. दमनाच्या जागी प्रतिबंध आला, 'बाया आणि मुली' हे शब्द जाऊन 'व्यक्ती' आली. भाषा सुधारली. आणि आत बघा काय आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर आठव्या कलमाखाली पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषानं केला तर जास्तीत जास्त तीन महिने. चौथं कलम म्हणतं, हिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरावर्षांवरचा माणूस गुन्हेगार. म्हणजे कॉलेजात शिकणारा पोरगा आणि खाटेवरची म्हातारी आईसुद्धा ह्या शब्दांत सापडते. पीडिता म्हणून धाडीत सोडवायची आणि पीडिता म्हणूनच सुधारगृहात कोंडायची. सोडवणं आणि अटक ह्यात फरक काय, हे तिला विचारा.

आता २०२० सालची गोष्ट. लॉकडाऊन लागला, वस्त्या बंद, चुली बंद. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं ऑक्टोबरात सल्ला काढला की ह्या बायांना असंघटित कामगार म्हणून नोंदवा, म्हणजे कामगारांचे फायदे मिळतील. लगेच ओरड झाली. पुढच्याच महिन्यात शब्द बदलला आणि माणुसकीच्या नात्यानं मदत करा, असं झालं. कळलं का? कामगार म्हटलं की तांदूळ हक्काचा. माणुसकी म्हटली की तांदूळ दयेचा. पोतं तेच. एकात हात पुढं करून मागायचं, दुसऱ्यात हात जोडून. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ह्या बायांना महिना ५,००० रुपये आणि शाळकरी पोरं असतील तर वर २,५०० असं तीन महिन्यांसाठी जाहीर केलं. तीन महिने. दयेला मुदत असते.

२०२३ साली सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली की कुठले शब्द टाळावेत. ऑगस्टात लिहिलं, 'प्रॉस्टिट्यूट' म्हणू नका, 'सेक्स वर्कर' म्हणा. मानवी व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी पत्र धाडलं की ह्यानं सक्ती झाकली जाते. नोव्हेंबरात शब्द बदलला. आता 'व्यापाराला बळी पडलेली', 'सक्तीनं ढकललेली' किंवा 'व्यापारी लैंगिक व्यवहारात असलेली स्त्री'. तीन महिन्यांत दोन बारशी. दोन्ही वेळेला पाळण्याची दोरी कुणाच्या हातात होती?

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझी बाजू कुठली? ऐका.

आपल्यात मैला उचलणारे, गटारात उतरणारे लोक आहेत. त्यांना भंगी म्हणायचे. मग युनियनी झाल्या, सफाई कामगार हा शब्द आला. त्या शब्दानं पगार मागता आला, पेन्शन मागता आली, गटारात मेलेल्याच्या बायकोला भरपाई मागता आली. पण सफाई कामगार म्हटलं म्हणून मैला उचलणं चांगलं काम आहे, असं आपल्यातलं कुणी म्हणालं का? उलट कामगार म्हणून उभे राहिलो आणि त्याच तोंडानं म्हणालो, ही प्रथा गाडा. १९९३ साली आणि २०१३ साली कायदे झाले. म्हणजे कामगार हा शब्द कामाला दिलेलं सर्टिफिकेट नाही. तो करणाऱ्या माणसाचा दावा आहे. एवढी साधी गोष्ट आपल्या गटारानं आपल्याला शिकवली, ती दोन्ही बाजूंच्या स्त्रीवाद्यांना कळायला हवी.

पण दुसऱ्या बाजूलाही सांगते. 'तिची निवड, तिचा देह, तिचं काम' असं वातानुकूलित हॉलमध्ये म्हणणं सोपं आहे. कुणाला किती वाटांमधनं निवडायला मिळालं? बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. २००५ साली डान्स बार बंद झाले तेव्हा मुंबईत हाच वाद पेटला. एक म्हणाल्या, बायांची रोजी मारली. आपल्यातल्या काही बाया म्हणाल्या, आमच्या आयांनी पाटलापुढं नाचायचं आणि आम्ही बारमध्ये, ह्याला स्वातंत्र्य म्हणायचं का? दोन्ही प्रश्न खरे. २०१३ साली कोर्टानं बंदी रद्दबातल ठरवली. प्रश्न रद्दबातल झाला नाही. सरकार तर दोन्हीकडचं नव्हतं, ते संस्कृतीच्या नावानं बोलत होतं. जी संस्कृती पोर देवाला वाहते, तीच.

मग बाबासाहेबांचं काय, असं विचाराल. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी जमल्या होत्या. बाबासाहेबांनी तोंडावर सांगितलं, हे जिणं सोडा. कडक सांगितलं. पण सांगितलं कुणाला? त्या बायांना. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या माणसांत बसवून. ह्या निर्णय घेऊ शकतात, हे धरूनच सांगितलं. आज त्यांच्या नावावर जे लोक वस्तीत धाड मागवतात, त्यांनी एवढं बघावं. सोडा म्हणण्याचा हक्क त्याला, जो आधी शेजारी बसतो.

आणि आपलं नाव आपण घेतल्याच्या गोष्टी लांब नाहीत. गोव्यातल्या भाविणी-कलावंतिणींच्या लेकरांनी १९२० च्या दशकात संघटना बांधली, ते गोमंतक मराठा समाज झाले. त्यांनी जुना शब्द टाकून दिला. सांगलीत १९९६ साली धंद्यातल्या बायांनी संघटना बांधली, तिचं नाव ठेवलं वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्यांनी जुना शब्द टाकला नाही, तोच दगड उचलून हातात धरला. एकांनी टाकला, दुसऱ्यांनी धरला. दोघांचंही बरोबर, कारण दोघांनी आपला आपण ठरवला. आपणही 'दलित' शब्द असाच घेतला. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण, हे मांडलं तेव्हा त्यात स्त्रिया होत्या. धंद्यातली बाई त्यातनं वगळली, असं कुठं लिहिलेलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं दोन वाक्यांचं आहे, आणि दोन्ही एका दमात म्हणायची. ही बाई कामगार आहे, तिला कामगाराचा हक्क द्या. हे काम तिच्या जातीच्या आणि भुकेच्या वाटेनं तिच्या गळ्यात आलं, ती वाट उखडा. जो पहिलं म्हणतो आणि दुसरं गिळतो, तो बाजाराचा दोस्त. जो दुसरं म्हणतो आणि पहिलं गिळतो, तो पोलिसाचा दोस्त. आपण दोघांचेही नाही.

आता तुमच्याकडं येते, पोरांनो. परवाच्या मोर्च्यात 'रांडेच्या' ही शिवी किती वेळा उठली, ते मी मोजत होते. मंत्र्याला दिली, जमीनदाराला दिली. लागली कुणाला? वस्तीतनं आलेला जो पोरगा झेंडा धरून चालत होता, त्याला. मंत्र्याला चोर म्हणा, खुनी म्हणा. शिव्या कमी पडल्या तर नव्या बनवा. पण आपल्याच आईच्या नावावर शत्रूला मारू नका.

आणि 'उद्धार' हा शब्द ह्या व्यासपीठावरनं खाली उतरवा. आपला उद्धार करायला जे आले होते त्यांचे हात अजून आपल्या खांद्यावरनं निघालेले नाहीत.

२०२२ च्या १९ मे ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोलिसांनी ह्या बायांना शिवीगाळ करू नये, कंडोम पुरावा म्हणून धरू नये, सुधारगृहात मर्जीविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायांना शोधून सोडावं. कागद झाला. आता प्रत्येक छावणीनं तो कागद घेऊन आपल्या भागातल्या चौकीत जायचं. बाई तक्रार द्यायला गेली तर दोघांनी तिच्यासोबत जायचं. तिच्या पोराला शाळेत बापाचं नाव विचारतात, तिथं उभं राहायचं. यल्लम्माच्या डोंगराकडं पोर घेऊन कुणी निघालं तर वाट अडवायची. एवढं करा. मग तिला काय म्हणायचं ते मला विचारू नका. ती समोर असेल. तिला विचारा, आणि ती सांगेल तेच म्हणा.

जय भीम.