ओव्हन नसलेल्या घरातला केक



भाद्रपदात मांडवावरची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पिकून पिवळी पडू लागली की कोकणातल्या जुन्या घरांत धोंडस व्हायचं. किसलेलं तवसं, तुपात भाजलेली तांदळाची कणी, गूळ, खोबऱ्याचे काप, काजू असं सगळं जाड बुडाच्या टोपात घालायचं. खाली मंद विस्तव आणि झाकणावर रसरशीत निखारे! अंडं नाही, सोडा नाही, तरी तो केकच. तेव्हा अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ‘आमच्याकडे ओव्हन नाही’ ही सबब काही टिकायची नाही.

आजच्या घरात निखाऱ्यांचं काम कुकर करतो. शिटी आणि रिंग काढायची, तळाला मिठाचा किंवा वाळूचा थर द्यायचा, वर जाळी ठेवायची आणि रिकामा कुकर दहा मिनिटं तापवायचा. पाणी मात्र घालायचं नाही.

आता मिश्रण. रायगडचा हापूस दक्षिण कोकणातल्या आंब्याच्या मागून येतो, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस इथल्या घरांत रसाला तोटा नसतो. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर आंब्याचा रस, पाऊण वाटी दही, पाऊण वाटी साखर आणि पाव वाटी पातळ तूप एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवावं. रवा फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं. फारच घट्ट वाटलं तर थोडं दूध घालावं. भांड्याला तूप लावून ठेवावं, आणि सगळी तयारी झाल्यावर शेवटी चमचाभर बेकिंग पावडर व पाव चमचा सोडा घालावा.

शेवटी का, तर दह्यातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. त्याच बुडबुड्यांनी केक फुलतो. मिश्रण तसंच ठेवून फोनवर गप्पा मारल्या, तर वायू निघून जातो आणि हाती घट्ट वडी येते. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव लागते, ती वेलचीनेही झाकत नाही. म्हणून मिश्रण लगेच भांड्यात ओतून तापलेल्या कुकरात जाळीवर ठेवावं, झाकण लावावं आणि मंद आचेवर पाऊण तासाने सुरी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की केक झाला.

आंबा नसेल तर फणसाच्या बरक्या गऱ्यांचा रस चालतो. सांदणं करणाऱ्यांना तो नवा नाही. कच्चा अननस आणि पपई मात्र दह्यात थेट घालू नयेत. त्यांच्यातली विकरं दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि दही कडवट होतं. फळ आधी साखरेत शिजवून घेतलं की ही खोड जाते. जांभळाची गंमत वेगळीच. सोडा थोडा जास्त झाला की त्याचा जांभळा रंग निळसर-हिरवा होतो, आणि असा केक मुलं खातील याची खात्री कोणी देऊ नये.

दह्याचा केक प्रत्येक जेवणानंतर चालतोच असं नाही. अलिबागच्या याच किनाऱ्यावर, नवगावजवळ, आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, असं बेने इस्राएली या ज्यू समाजाची परंपरा सांगते. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या मराठीभाषक लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. मांस आणि दूध एका जेवणात न घेण्याचा त्यांचा धर्मनियम. त्यांच्या सणाचा चीकचा हलवासुद्धा गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून होतो. मटणाच्या जेवणानंतर दह्याचा केक त्या घरात चालायचा नाही. तिथे तुपाऐवजी तेल, दह्याऐवजी नारळाचं घट्ट दूध आणि चमचाभर लिंबाचा रस घ्यावा. आम्ल मिळालं की सोड्याचं काम भागतं.

केक पूर्ण निवल्यावरच कापावा. फळ आणि दही दोन्ही ओलसर, त्यात किनाऱ्यावरची दमट हवा, त्यामुळे पावसाळ्यात तो बाहेर दुसऱ्या दिवसापुढे ठेवू नये. उरलेल्या फोडी तव्यावर थोड्या तुपात भाजून सकाळच्या चहाबरोबर द्याव्यात.