हक्क आणि दाद
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



पहाडगंजच्या ज्या गल्ल्यांतून आपण सभेस आलो, तेथे देशोदेशींची पारपत्रे बाळगणारे प्रवासी उतरतात. आणि त्यांच्या खोल्या झाडणारी, भांडी घासणारी माणसे दूरच्या खेड्यांतून पोटासाठी आलेली असतात. जग जवळ आले म्हणतात, ते येथे डोळ्यांना दिसते. यांपैकी कोणावर अन्याय झाला तर त्याने दाद कोठे मागावी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

९ डिसेंबर १९४८ रोजी याच दिल्लीत, संविधान सभेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वोच्च न्यायालयाकडे थेट दाद मागण्याच्या कलमास घटनेचा आत्मा म्हटले. तेच आजचे ३२ वे कलम. दुसऱ्याच दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या ८ व्या कलमातही परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क सांगितला आहे. दोहोंचे मर्म एकच. ज्याची दाद लागत नाही, तो हक्क केवळ सदिच्छा होय.

दाद लागू शकते, हे पत्रकार शीला बर्से यांनी दाखविले. मुंबईच्या कारागृहातील स्त्रियांना भेटून त्यांनी पोलीस कोठडीतील मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले आणि १९८३ साली स्त्रियांसाठी महिला पोलिसांच्या पहाऱ्यातील स्वतंत्र कोठड्यांचे व विधिसाहाय्याचे निर्देश दिले.

परंतु अन्याय सीमा ओलांडतो तेव्हा दाद सीमेवर अडखळते. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेतील कंपनीचे मूळ अमेरिकेत होते; तरी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ साली ते दावे भारतातच चालावेत असे ठरविले. कोणते दार ठोठवावे, एवढ्याच वादात पीडितांचा मोलाचा काळ गेला.

परमुलखात आलेल्या माणसाची पहिली अडचण हीच असते, हे आपणा स्थलांतरितांना कोणी सांगावयास नको. म्हणून आमची मंडळास एक विनंती आहे. आठवड्यातून एक सायंकाळ आपल्यातील वकील, शिक्षक व लिहिते सभासद यांनी येथे बसावे. ज्याची मजुरी बुडाली, ज्याचा नातलग कोठडीत आहे, अशा कोणाचाही अर्ज लिहून द्यावा व तो कोठे न्यावयाचा ते सांगावे. येणारा मराठी आहे की नाही, हे मात्र विचारू नये.

एका पत्राने काय होते, ते आपण पाहिलेच आहे.