खरं सांगा, कसं होतं?

सहलीला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच, "काय, कसं होतं?" आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर येते, "मस्त!" हवा मस्त, जेवण मस्त, धबधबा मस्त, हॉटेल तर फारच मस्त. श्रोतेहो, हा 'मस्त' शब्द मोठा सोयीचा आहे. विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याची सुटका होते. दुसऱ्या टोकाला काही मंडळी अशी असतात की त्यांना जगात कुठेच काही पसंत पडत नाही. त्यांचे उत्तर, "बंडल! पैसे वाया." गंमत म्हणजे या दोन्ही उत्तरांतून ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. या दोन शब्दांच्या मधल्या जागेबद्दल मी आज बोलणार आहे. मित्राने मित्राला खरे सांगण्याची ती जागा आहे.

आमचा सहा जणांचा एक कंपू आहे. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही खजिनदार म्हणतो. एक मास्तर आहेत. तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेल्या एक ताई आहेत. उरलेले आम्ही तिघे कुठल्याच कामाचे नाही, पण भूक चांगली आहे. महिन्यातून एकदा आम्ही कर्जत नाही तर खालापूर तालुक्यात जातो. कारण साधे आहे. कर्जत आणि खोपोलीपर्यंत लोकल जाते, सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येते आणि गाडीतून उतरले की डोंगर समोरच उभा असतो. आमचा नियम एकच. परतीच्या गाडीने नेरळ सोडले की प्रत्येकाने दिवसभराबद्दल खरे ते बोलायचे आणि अंबरनाथच्या आत आटपायचे.

या नियमातून कितीतरी गोष्टी कळल्या. कर्जतच्या वड्याचेच घ्या. या वड्याची कीर्ती तीन पिढ्या ऐकत आल्या आहेत. खजिनदार एकदा म्हणाले, "वडा चांगला आहे, पण आठवणीतल्यासारखा नाही." मास्तर म्हणाले, "वडा तोच आहे, तुम्ही खिडकीतून घेतला नाहीत." मास्तरांचे म्हणणे आम्हाला पटले. त्यामागे रेल्वेचा इतिहास आहे. बोरघाटातून गाड्या जाऊ लागल्या त्या १८६३ साली. तो चढ असा की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर जायचे. पुढच्या एकट्या इंजिनाला हे ओझे झेपेना, म्हणून कर्जतला गाडी थांबवून मागे आणखी इंजिने लावायची पद्धत पडली. इंजिने लागेपर्यंत प्रवासी करणार काय? त्या रिकाम्या मिनिटांत वडा खिडकीशी आला, आणि दिवाडकरांसारखी नावे मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना तोंडपाठ झाली. घाट चढण्याआधीची ती धांदल, "लवकर दे रे, गाडी सुटेल" ही ओरड, कागदातून हाताला लागणारा चटका, हे सगळे त्या वड्याच्या चवीत धरलेले असते. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागच्या इंजिनाशिवायच घाट चढते आणि तिच्या खिडक्याही उघडत नाहीत. तेव्हा उद्या कुणी म्हणाले की कर्जतचा वडा पूर्वीसारखा लागत नाही, तर त्याला एवढेच विचारावे, "बाबा, खाल्लास कुठे आणि कसा?"

खालापूरची तर वेगळीच तऱ्हा. "आम्ही खालापूरला जेवलो" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खोदून विचारले की कळते, हे गेले होते द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्याजवळच्या फूड मॉलमध्ये. हा रस्ता २००२ साली पूर्ण झाला आणि एका जुन्या तालुक्याचे नाव लोकांच्या मनात टोलनाका म्हणून बसले. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक याच तालुक्यात आहे. १९१५ साली सुरू झालेले टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत आहे. जुना मुंबई-पुणे रस्ताही इथूनच जातो आणि त्याच्या कडेला छोट्या खाणावळी आहेत. नवा रस्ता झाल्यावर धावणारे गिऱ्हाईक तिकडे गेले. जुन्या रस्त्यावरच्या खाणावळीला आता मुख्य आधार ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला सांगण्याचा. तिच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात. तुमचे एक वाक्य हीच तिची जाहिरात, आणि तुमचे एक बेजबाबदार वाक्य हेच तिचे नुकसान.

अशाच एका खाणावळीत आम्हाला जेवण यायला पाऊण तास लागला. गाडीत बसल्यावर आमच्यातले एकजण तापलेच होते. "सगळ्यांना सांगणार, इथे पाऊल टाकू नका!" ताई शांतपणे म्हणाल्या, "उशीर झाला हे जरूर सांगा. पण आपल्याआधी वीस-बावीस जण न कळवता येऊन बसले होते आणि आत एकच बाई चुलीवर भाकऱ्या थापत होती, हेही सांगा. आणि भाकरी शेवटपर्यंत गरम आली, हे तर नक्की सांगा." ताईंनी खाणावळीची बाजू घेतली नाही आणि उशीरही झाकला नाही. पाहिले तेवढे सगळे सांगितले, इतकेच. रुग्णाच्या उशाशी कागदावर ताप लिहिण्याची सवय असलेल्या माणसाचा तो अभिप्राय होता.

उलटचा अनुभवही सांगतो. कर्जत परिसरात हल्ली फार्महाऊसची जेवणे निघाली आहेत. पोहण्याचा तलाव, कर्ण्यातून गाणी, मंडपात ओळीने मांडलेली भांडी आणि 'गावरान' ही पाटी. अशा एका ठिकाणी आम्ही गेलो. नाव सांगत नाही. पनीर होते, नूडल्स होते, बासमतीचा जिरा राईस होता. खजिनदारांनी हिशेब मांडला, "मंडळी, कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. कर्जत-३ सारख्या भाताच्या जाती इथून निघाल्या, त्या कोकणात आणि कोकणाबाहेरही पेरल्या जातात. आणि आपण इथे येऊन कर्जतचा सोडून बाहेरचा तांदूळ खातोय!"

तेवढ्यात ताई स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेल्या. तिथे काम करणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. ताईंनी विचारले, "मावशी, तुमच्या ताटात काय आहे?" तांदळाची भाकरी होती, कडव्या वालाचे बिरडे होते आणि भाजलेले सुकट होते. मावशी संकोचून म्हणाल्या, "ह्ये आमचं साधं जेवान. तुमाला काय आवडनार?" ताईंनी बसकण मारली आणि त्यांच्यातली अर्धी भाकरी खाल्ली. मग मालकाला बोलावून सगळ्यांदेखत सांगितले, "तुमच्याकडचे सगळ्यात चांगले जेवण मागच्या दाराशी आहे. ते पुढे आणा." मालकाला राग आला नाही. तो म्हणाला, "असं कुणी सांगितलंच नाही हो. सगळे मस्त म्हणतात आणि जातात." दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्या ओळीत बिरड्याचे एक पातेले वाढलेले होते, आणि सगळ्यात आधी रिकामे झाले ते तेच.

यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण घरी येऊन चार लोकांत बोलतो. ज्याने रांधले त्याच्याशी मात्र बोलत नाही. त्याला आपण 'मस्त'वर वाटेला लावतो आणि खरे मत घरी घेऊन येतो. ते मत हक्काने मिळायला हवे होते त्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरे सांगण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांनी १८८३ साली आपली हकिगत लिहून काढली आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केली. गोडसे भटजींनी भीती वाटली तिथे भीती वाटली असे लिहिले, भूक लागली तिथे भूक लागली असे लिहिले. आव आणला नाही. म्हणून शंभर वर्षांनंतरही ते पुस्तक विश्वासाने वाचले जाते.

आता महिन्याबद्दल. प्रवासाच्या मताला तारीख नसेल तर ते मत निम्मे निकामी समजावे. कुणी सांगतो, "कर्जतला पोपटी खा." ऐकणारा मे महिन्यात जाऊन पोपटी मागतो. पोपटी ही थंडीतली गोष्ट. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, हवे तर अंडी किंवा कोंबडी, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. शेंगाच नसतील तर पोपटी कुठून येणार? तसेच रानभाज्यांचे. पहिल्या पावसात शेवळे, मग टाकळा, पुढे कंटोली. ज्याचा त्याचा महिना ठरलेला. आणि एप्रिलमध्ये धबधबा पाहायला गेलेला माणूस कोरडा कातळ पाहून परत येतो आणि ज्याने सांगितले त्याच्या नावाने बोटे मोडतो. सांगणाऱ्याने एकच शब्द गाळलेला असतो, 'जुलैत'.

पण श्रोतेहो, जुलै म्हटले की माझा आवाज थोडा खाली येतो. वडा गार निघाला, भाकरी उशिरा आली, याने कुणाचे फारसे बिघडत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. एका पावसाळ्यात आम्ही भिवपुरीच्या बाजूला ओढ्याकाठी बसलो होतो. खाली ऊन पडले होते. वर डोंगरावर ढग काळे झाले होते. एक गावकरी येऊन म्हणाला, "उठा आता, पाणी येतंय." आम्ही उठलो. पलीकडच्या काठावर तरुणांचा एक घोळका होता, ते हसले. पाच-सात मिनिटांत ओढ्याचे पाणी लाल झाले आणि गुडघ्याचे कमरेपर्यंत चढले. गावातल्या मुलांनी दोर टाकून त्यांना एकेक करून अलीकडे आणले. त्या संध्याकाळी गाडीत कुणी जेवणाबद्दल बोलले नाही. मास्तर एवढेच म्हणाले, "उद्या शाळेत मुले विचारतील, सर, धबधबा कसा होता? मी मस्त म्हणालो, तर त्यांतली दोन तरी पुढच्या रविवारी इथे असतील."

मास्तरांनी मुलांना काय सांगितले ते मला माहीत आहे. धबधबा सुंदर आहे. लांबून पाहा. वर पाऊस असेल तर खाली ऊन असले तरी पाणी वाढते. शेवाळावर पाय ठरत नाही. गावकरी उठा म्हणाला की उठायचे, कारण विचारत बसायचे नाही. अशा जागांवर पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी बंदी घालते आणि आपण तिला रसभंग समजतो. पण कागदावरच्या हुकमापेक्षा जाऊन आलेल्या मित्राचे बोलणे माणूस लवकर ऐकतो. म्हणून मित्राच्या 'मस्त'चे वजन जास्त आहे.

डोंगराची दुसरी एक आठवण खालापूर तालुक्याने विसरू नये अशी आहे. इर्शाळगडावर जाणारी मुले पायथ्याच्या इर्शाळवाडीतून जात. वाडीत पाणी मिळते, वाट दाखवायला माणूस मिळतो, असे एकमेकांना सांगत. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ती ठाकरांची वाडी ढिगाऱ्याखाली गेली. ज्यांनी त्या वाडीत कधी पाणी प्यायले होते, त्यांना ती बातमी वाचताना घरे आठवली, अंगण आठवले. आपण ज्याला सहलीचे ठिकाण म्हणतो ते कुणाचे तरी राहते घर असते. आपल्या सांगण्यात ती माणसेही आली पाहिजेत.

कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात एक छोटा शिलालेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने कातळावर काम केले, त्याने कामाखाली नाव घातले. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर आपली नावे आणि बदाम कोरणाऱ्यांनी तिथे काय केले, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. जाऊन आल्याची खूण भिंतीवर ठेवायची नसते. ती आपल्या बोलण्यात ठेवावी.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारले की पाच गोष्टी सांगाव्यात. कोणत्या महिन्यात गेलो. बरोबर कोण होते, कारण लहान मुले आणि आजी बरोबर असली की तीच वाट वेगळी होते. काय खाल्ले आणि किती पैसे दिले. कशाची काळजी घ्यावी लागली. आणि शेवटची, पुन्हा जाल का? या शेवटच्या प्रश्नाला माणूस सहसा खोटे बोलत नाही. आमचे खजिनदार एका ठिकाणाबद्दल वीस मिनिटे तक्रार करत होते. मी विचारले, "पुन्हा जायचं का?" ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात. पण त्या मावशींना आदल्या दिवशी फोन करून."