मे 1974 चा संप आणि पडद्यावरच्या बातम्या

(कामगार शिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



1970 नंतरच्या चार-पाच वर्षांत टेलिव्हिजनने मोठ्या घटना कशा दाखवल्या, असा विषय आम्हाला दिला आहे. जगात त्या काळी घटनांना तोटा नव्हता. सप्टेंबर 1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलच्या पथकातील 11 जणांचा बळी गेला, तो प्रसंग परदेशातल्या लोकांनी घरात बसून पाहिला. मे 1973 पासून वॉटरगेटची चौकशी अमेरिकेत घरोघर दिसत होती. व्हिएतनामच्या लढाईची रिळे तर विमानाने पाठवावी लागत. म्हणजे पार्सल वेळेवर पोहोचले तर बातमी, नाही तर नाही. टपाल छाटणाऱ्या आपल्या आरएमएसच्या बांधवांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पण आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घरच्या घटनेबद्दल. 8 मे 1974 रोजी सुरू झालेला आणि 27 मे रोजी मागे घेतलेला रेल्वे संप. सुमारे 17 लाख कामगारांच्या मागण्यांचा हा प्रश्न होता. बोनस, आठ तासांचा दिवस, सार्वजनिक उद्योगांच्या बरोबरीने पगार. गाडीवरच्या माणसाची ड्यूटी किती तास चालायची हे इथे बसलेल्यांच्या वडिलांना विचारा. आम्ही स्वतः तेव्हा बिगरीतही गेलेलो नव्हतो, म्हणून जे सांगतो ते जुन्या सभासदांकडून ऐकलेले आणि छापून आलेले.

आता तेव्हा टेलिव्हिजन कुठे होता ते पाहा. दिल्लीत 1959 पासून. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1973 साली श्रीनगर आणि अमृतसर झाले, आणि सिंहगडावरून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. बस्स. कलकत्ता आणि मद्रास यांनाही ऑगस्ट 1975 पर्यंत थांबावे लागले. भुसावळ, इटारसी, झाशी, मुगलसराय, खरगपूर या गावांत संप लढला गेला, आणि तिथे पडदाच नव्हता. मुंबईतसुद्धा चाळीत एखाद्याकडे संच असायचा आणि त्याच्या खोलीत सगळा मजला बसायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1976 पर्यंत टेलिव्हिजन हा आकाशवाणीचाच एक भाग होता, आणि आकाशवाणी हे सरकारचे खाते होते. ज्या सरकारशी आपला झगडा, बातम्याही त्याच सरकारच्या. 1966 साली चंदा समितीने आकाशवाणी आणि टेलिव्हिजन यांची वेगवेगळी महामंडळे करावीत असे सुचवले होते, ते कागदावर राहिले. मुंबईच्या केंद्रात बातम्या वाचणारी मंडळी गुणी होती, स्मिता पाटील त्यांच्यातलीच. पण वाचणाऱ्याच्या हातात दिलेला कागद तो स्वतः लिहीत नसतो.

जॉर्ज फर्नांडिस यांना 2 मे रोजीच लखनौमध्ये अटक झाली होती. संप सुरू होण्याआधीच पुढारी तुरुंगात. मिसाखाली आणि भारत संरक्षण नियमांखाली हजारो कामगार आत गेले. क्वार्टरमधून बायकामुलांना सामानासकट बाहेर काढले गेले. गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेची माणसे आणली. आणि रेडिओवर काय? गाड्या सुरळीत आहेत, कामगार कामावर परतत आहेत. रिकाम्या यार्डाकडे पाहत माणसे हे ऐकत होती. आमचे जुने सभासद सांगतात की संध्याकाळी ते बीबीसी लावून बसत, आणि खरी खबर मात्र गाडीबरोबर येणाऱ्या माणसाकडून नाही तर सायकलवरून निरोप आणणाऱ्या पोराकडून कळायची.

मग 18 मे उजाडला, संपाचा अकरावा दिवस. पोखरणला अणुस्फोट झाला. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्यानेच भरली. स्फोटाची तारीख संपासाठी ठरवली होती असे आम्ही म्हणणार नाही, तशा कामाची तयारी बरीच आधीपासून चालते. पण संपाची जागा त्या बातमीने घेतली हे खरे, आणि पुढच्या नऊ दिवसांत संप मागे घ्यावा लागला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चालले होते तेही ऐका. 1972 च्या फेब्रुवारीत खाण कामगारांनी बर्मिंगहॅममध्ये सॉल्टलीच्या कोक डेपोचे फाटक बंद पाडले, ते तिथल्या लोकांनी पडद्यावर पाहिले. तिथे बीबीसीखेरीज दुसरी खाजगी वाहिनीही होती. एकीने बातमी दडपली तर दुसरी देईल ही भीती दोघींना. पुढे डिसेंबर 1973 मध्ये वीज वाचवण्यासाठी सरकारने टेलिव्हिजन रात्री साडेदहाला बंद करायला लावला. म्हणजे कोळसा कोण काढतो हे प्रत्येक घराला रोज साडेदहाला कळत होते! तिथली प्रसारमाध्यमे कामगारांची मित्र होती असे नाही. फाटकावरची ढकलाढकली दाखवायची त्यांना जेवढी हौस, तेवढी खाणीतल्या पगाराचे आकडे सांगायची नव्हती. तरी माणसे दिसत होती.

आपल्या संपाची माणसे दिसलीच नाहीत. आजही 1974 चा विषय निघाला की हातकड्या घातलेल्या जॉर्ज यांचे छायाचित्र लावतात. ते छायाचित्र आणीबाणीतले, बडोदा डायनामाइट खटल्याच्या वेळचे आहे. संपाचे नव्हे. वीस दिवसांच्या एवढ्या मोठ्या लढ्याला दाखवायला स्वतःचे चित्र नसावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

बोनस 1979 साली मिळाला, उत्पादकतेशी जोडलेला. तो घेणाऱ्या आजच्या तरुणाला 1974 माहीत नसेल तर दोष त्याचा कसा म्हणायचा?

म्हणून एक विनंती. त्या संपातले जे सभासद हयात आहेत ते आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक शाखेने त्यांच्याकडे जावे, मोबाइलवर त्यांचे बोलणे नोंदवावे, घरातल्या बाईमाणसांचेही, कारण क्वार्टर रिकामे झाले तेव्हा घरी त्याच होत्या. निलंबनाची पत्रे, क्वार्टर सोडण्याच्या नोटिसा, तुरुंगातून आलेली कार्डे, जे काही ट्रंकेत असेल ते शाखा कार्यालयात आणावे. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल. नाव, स्टेशन आणि हुद्दा मागे पेन्सिलीने लिहावा, शाईने नको.