कोणती चाचणी, केव्हा आणि कशासाठी?
(नसरापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काहींच्या मनात येईल की, करोना तर गेला, आता त्याच्या चाचणीची चर्चा कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले हे खरे आहे. परंतु आणीबाणी संपली म्हणजे विषाणू संपला असे नव्हे. २०२५ च्या मे-जून महिन्यांत आपल्या महाराष्ट्रात पुन्हा रुग्ण आढळले. शिवाय संपर्क आल्यावर कोणती चाचणी कोणत्या दिवशी करावी, हे ज्याला करोनाच्या बाबतीत समजले, त्याला डेंग्यूची चाचणीही समजते. म्हणून हा विषय जुना झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

आपले नसरापूर हे रस्त्यावरचे गाव. पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला वळले की नसरापूर, आणि पुढे तोच रस्ता वेल्ह्याकडे जातो. भोर आणि वेल्हे या दोन्ही भागांतील माणसे बाजाराला, दवाखान्याला, एस.टी. पकडायला येथे येतात. आपली तरुण मुले खेड-शिवापूर, शिरवळच्या कारखान्यांत, नाही तर कात्रज ओलांडून पुण्यात कामाला जातात आणि रात्री घरी परततात. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले, तेव्हा ते आपल्यापासून फार दूर नव्हते. जो रस्ता रोजगार आणतो, तोच रस्ता आजारही आणतो. रस्ता बंद करून पोट भरत नाही. तेव्हा उपाय एकच उरतो, तो म्हणजे वेळेवर आणि योग्य निदान.

तीन चाचण्या, तीन प्रश्न

लोक सरसकट "टेस्ट केली" असे म्हणतात. पण चाचण्या तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण भात पिकवणारी माणसे आहोत, म्हणून भाताच्याच खाचराचा दाखला घेऊ.

पहिली आर.टी.-पी.सी.आर. नाकातून किंवा घशातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अंश असेल, तर ही चाचणी त्याच्या प्रती पुन्हा पुन्हा दुप्पट करून तो शोधून काढते. म्हणजे खाचरात भाताचे मोजके दाणे पडले असले, तरी ती ते हुडकते. तिची नजर सर्वांत तीक्ष्ण. मात्र तिला प्रयोगशाळा, यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो. आणि गर्दीच्या काळात अहवालाला एक-दोन दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतात. दुसरी गोष्ट अशी की, पीक कापून नेल्यावरही चार दाणे मातीत राहतात, तसे रुग्ण बरा झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अवशेष काही आठवडे नाकात राहू शकतात. त्यामुळे नुकत्याच बरे झालेल्या माणसाची ही चाचणी बाधित आली, म्हणजे तो अजूनही रोग पसरवतो आहे असे समजू नये.

दुसरी रॅपिड अँटिजन. ही विषाणूची प्रथिने ओळखते. तिला एखादा दाणा दिसत नाही, उभे पीक दिसते. अंगात विषाणू भरपूर वाढलेला असेल तेव्हा ती १५ ते ३० मिनिटांत उत्तर देते. माणूस सर्वांत जास्त संसर्गजन्य असतो तो नेमका हाच काळ. म्हणून ती उपयोगाची. पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवसांत ती चुकू शकते.

तिसरी अँटिबॉडी, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी. ही कापणीनंतरची धसकटे पाहते. पूर्वी येथे पीक होते एवढेच ती सांगते. संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि लस घेतलेल्याच्या रक्तातही ती असतात. तेव्हा "काल बाधिताशेजारी बसलो होतो, मला लागण झाली का?" या प्रश्नाला ही चाचणी उत्तर देऊच शकत नाही.

हा फरक न समजल्यामुळे काय गोंधळ होतो, तो देशाने एप्रिल २०२० मध्ये पाहिला. परदेशातून आणलेले झटपट प्रतिपिंड चाचणीचे संच राज्यांना वाटले गेले, त्यांचे निकाल भरवशाचे निघेनात, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यांचा वापर थांबवून ते परत करायला सांगावे लागले. मात्र त्याच प्रकारच्या चाचणीचा योग्य वापरही आपल्याच जिल्ह्यात झाला. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुणे शहरातील पाच प्रभागांत १,६६४ लोकांचे रक्त तपासले गेले आणि त्यांतील ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. किती लोकांना नकळत लागण होऊन गेली, हा समाजाचा प्रश्न होता. त्याला ती चाचणी योग्य होती.

दिवस मोजा

चाचणीच्या निवडीइतकाच दिवस महत्त्वाचा. आज संपर्क आला आणि आजच चाचणी केली, तर ती निर्दोष येणारच. पेरणीच्या दिवशी खाचरात पीक कसे दिसेल? पहिल्या लाटेत संपर्कापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात; ओमायक्रॉनमध्ये हा काळ सुमारे तीन दिवसांवर आला. म्हणून ज्याला काहीच लक्षणे नाहीत, त्याने संपर्काचा दिवस शून्य धरून साधारण पाचव्या दिवशी चाचणी करावी. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी सुरू झाली, तर मात्र दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी चाचणी करावी.

रॅपिड चाचणी निर्दोष आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिलेला सल्ला असा की, लक्षणे असतील तर किमान दोन वेळा आणि लक्षणे नसतील तर किमान तीन वेळा, दर वेळी ४८ तासांचे अंतर ठेवून ही चाचणी करावी. कारण काल जे रोप दिसले नाही, ते दोन दिवसांत दिसते. आणि या मधल्या दिवसांत काय करायचे? घरातही मास्क, वृद्धांपासून अंतर, वेगळे अंथरूण आणि उघडी खिडकी. "रिपोर्ट येईपर्यंत मी मोकळा" हा समज घातक आहे.

"निगेटिव्ह" या शब्दाची किंमत

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करू. १४ जून २०२० रोजी परिषदेने पहिल्या रॅपिड अँटिजन संचाला मान्यता दिली. परीक्षणात त्या संचाने खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोक ओळखले होते. आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात तो ९९.३ ते १०० टक्के बरोबर होता. याचा अर्थ काय? शंभर बाधितांची तपासणी केली, तर १६ पासून ४९ पर्यंत बाधित निसटू शकतात.

आता समजा, एका लग्नानंतर शंभर माणसे तपासायची आहेत, त्यांत वीस खरोखर बाधित आहेत आणि चाचणी शंभरांतील सत्तर बाधित ओळखते. चौदा सापडतील, सहा निसटतील. ते सहाजण हातात निर्दोष अहवाल घेऊन घरी जातील, नातवाला मांडीवर घेतील, म्हाताऱ्या आईच्या शेजारी बसतील. चाचणीने खोटे सांगितले नाही. तिला दिसले नाही एवढेच. म्हणून नियम ध्यानात ठेवा : रॅपिड चाचणी बाधित आली तर विश्वास ठेवा, लक्षणे असूनही निर्दोष आली तर आर.टी.-पी.सी.आर. करून खात्री करा. परिषदेने त्याच वेळी हीच सूचना दिली होती.

पैशाचा आणि भीतीचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळेतील चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने एवढे पैसे कोठून आणावेत? सरकारी केंद्रात चाचणी मोफत होती, पण तेथवर जाण्याचा दिवस बुडत होता. पुढे महाराष्ट्र शासनाने दर खाली आणले. जून २०२० मध्ये २,२०० रुपये, तर मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये. मे २०२१ मध्ये घरच्या घरी करायच्या पहिल्या भारतीय संचाला मान्यता मिळाली, त्याची किंमत २५० रुपये होती.

या स्वस्ताईमागे आपल्या पुण्यातील माणसांचे कष्ट आहेत. पहिला भारतीय बनावटीचा आर.टी.-पी.सी.आर. संच पुण्याच्या मायलॅब कंपनीत तयार झाला. त्या संशोधन गटाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी १८ मार्च २०२० रोजी संच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे तपासणीस दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कन्या झाली. आमच्या मुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पण बंधू-भगिनींनो, पैशापेक्षा मोठा अडसर भीतीचा असतो. बाधित आलो तर कामावरून काढतील, वस्ती वाळीत टाकेल, दुकानदार माल देणार नाही. मग माणूस चाचणीच टाळतो किंवा आपल्याला हवे ते उत्तर देणारी चाचणी निवडतो. पुण्याने हे १८९७ च्या प्लेगमध्ये अनुभवले आहे. घरोघर सोल्जर शिरत, माणसे ओढून नेत. म्हणून लोक आजारी माणसे लपवू लागले आणि रोग वाढला. त्याच काळात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दडपशाहीने रोगी लपतो, आपुलकीने तो पुढे येतो, हा धडा आपण विसरता कामा नये.

धम्माची दृष्टी

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले की, ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा कोणाचा अधिकार एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः पारखून घ्या. अमुक काढा घेतला म्हणजे चाचणी नको, असे सांगणाऱ्याला हाच निकष लावा. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि संघाला रुग्णसेवेची शिकवण दिली. दुःख ओळखा, त्याचे कारण शोधा, ते दूर होते हे जाणा आणि त्या मार्गाने चाला. चार आर्यसत्यांचा हा क्रम उत्तम वैद्याचाही क्रम आहे. निदानाशिवाय उपचार नाही.

सभासदांसाठी काही सूचना

१. बंद खोलीत, गाडीत किंवा एका पंगतीत बाधिताशी संपर्क आला असेल, तर तो दिवस लिहून ठेवा. दहा दिवस बाहेर मास्क वापरा.

२. लक्षणे नसतील तर पाचव्या दिवसाच्या सुमारास चाचणी. लक्षणे असतील तर लगेच.

३. घरात साठीच्या पुढचे, मधुमेही, दमेकरी किंवा गरोदर कोणी असेल, तर आर.टी.-पी.सी.आर.ला प्राधान्य द्या. जानेवारी २०२२ मध्ये परिषदेने लक्षणे नसलेल्या सर्वच संपर्कांची चाचणी आवश्यक नाही असे सांगितले, तेव्हाही वृद्ध आणि जुने आजार असलेल्यांना त्यातून वगळले होते. त्यांचे निदान लवकर होणे आवश्यक आहे, कारण काही औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आतच द्यावी लागतात.

४. घरगुती संच वापरताना मुदत पाहा, दोन्ही नाकपुड्यांतून नमुना घ्या आणि निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचा. नियंत्रण रेषा उमटली नाही तर चाचणी बाद. चाचणीची रेषा फिकट असली तरी ती बाधितच धरावी.

५. धाप लागली, छातीत दुखले किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर चाचणीची वाट न पाहता दवाखाना गाठा.

६. हेच तत्त्व डेंग्यूलाही लावा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एन.एस.१ ही अँटिजन चाचणी उपयोगी, त्यानंतर आय.जी.एम. ही प्रतिपिंड चाचणी. पहिल्या दिवशी आय.जी.एम. करून "डेंग्यू नाही" असे म्हणणे चुकीचे.

आणि शेवटची विनंती संस्थेला. ज्याची चाचणी बाधित येईल, त्याच्या घरी पाच-सात दिवसांचा शिधा पोहोचवण्याची आणि बुडालेल्या मजुरीला हातभार लावण्याची व्यवस्था आपण करू या. चूल विझणार नाही याची खात्री असेल, तरच माणूस खरे उत्तर ऐकायला तयार होतो. चाचणी प्रयोगशाळेत होते, पण ती करून घेण्याचे धैर्य समाज देतो. ते धैर्य देणे हे कल्याण संस्थेचे काम आहे, आणि आपली संस्था ते करील असा आम्हांस विश्वास आहे.



भवतु सब्ब मंगलम्। जयभीम! जय भारत!