गाडीची खडखड: आधी ऐका, मग दाबा

आज सुरुवातीलाच एक प्रयोग. हेडफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण मी आता स्टीलचं ताट वाजवणार आहे.

(ताट वाजवल्याचा आवाज)

ऐकलंत? किती वेळ घणघणत राहिलं! आता त्याच ताटाच्या मध्यावर तळहात ठेवून तेवढ्याच जोरात वाजवतो.

(ठक्)

संपलं. मी ताट जाड केलं नाही, कुठे बंद करून ठेवलं नाही. फक्त त्याचं थरथरणं माझ्या तळहाताने खाऊन टाकलं. गाडीच्या दारात जे डॅम्पिंग शीट लावतात ना, ते हेच करतं. आजचा भाग त्याच्यावर आहे. आणि ते लावताना मी जो शहाणपणा केला, त्याच्यावरही आहे.

गोष्ट अशी. माझ्याकडे बाबांची अकरा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. आम्ही सांगलीचे, नोकरी पुण्यात. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली, आता रिटायर्ड आहेत आणि त्यांना ऐकायला कमी येतं. घरात शांतपणे बोललं की सगळं समजतं. पण गाडीने ऐंशीचा स्पीड पकडला की दोन-तीनदा "काय?" म्हणतात आणि मग खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. चार तासांचा प्रवास, शेजारी-शेजारी बसून मुकाट्याने. मला ते फार लागायचं.

त्यात गाडी खडखडायला लागली. पुढे डावीकडून, खराब रस्त्यावर जास्त. मी रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, बुटाइल शीट मागवली, रोलर मागवला आणि एका वीकेंडला पार्किंगमध्ये चारही दारं उघडून बसलो. चार दारं आणि डिकी मिळून माझे नऊ हजार गेले. दार बंद केल्यावर 'धप्' असा भारी गाडीसारखा आवाज आला आणि मी खूश! खडखडही बरीच दबली. मी म्हटलं, झालं काम.

पुढच्या महिन्यात बाबा आले. सोसायटीच्या मागच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांनी गाडी चालवली आणि पाच मिनिटांत बाजूला घेतली. म्हणाले, "डावं चाक ठोकतंय." मी म्हटलं, "बाबा, तो आवाज होता, आता गेला." ते म्हणाले, "आवाजाचं नाही सांगत. पायाला लागतंय."

गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं आणि मला बोलावलं. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये चांगलाच प्ले आला होता, वरचं रबर फाटलं होतं. लिंक रॉडही ढिला. बॉल जॉइंट म्हणजे चाकाला खालच्या आर्मशी जोडून ठेवणारा सांधा. तो पूर्ण निसटला तर चाक आडवं पडतं. हायवेवर तसं झालं तर काय, ते मी बोलत नाही. दुरुस्ती अलाइनमेंट धरून साडेतीन हजारांत झाली.

आमच्या धंद्यात याला एक शिवी आहे: रिकामा कॅच ब्लॉक. एरर येते, ती पकडायची आणि काहीच करायचं नाही. स्क्रीनवर सगळं छान, आत बग तसाच. दुसऱ्याच्या कोडमध्ये असलं काही दिसलं तर मी रिव्ह्यूमध्ये चार ओळी सुनावतो. आणि स्वतःच्या गाडीत नऊ हजार मोजून तेच केलं.

म्हणून पहिला नियम: आवाज कुठला आहे ते ओळखा. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, आपटण्याचा आवाज. खडखड, टकटक, किरकिर. दोन वस्तू एकमेकींवर आदळतायत किंवा घासतायत. यावर शीट हा इलाज नाहीच. शेजारी मित्राला बसवा, हळू गाडी चालवा आणि त्याला एकेक जागा हाताने दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. आधी डॅशबोर्डचा कप्पा, दाराचे खिसे, स्टेपनी आणि जॅक रिकामे करून बघा. निम्म्या वेळा तिथेच काहीतरी लोळत असतं. दाराच्या आत लॉकचा रॉड किंवा वायर पत्र्याला लागत असेल तर त्याला फेल्ट टेप गुंडाळा. प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल तर नवीन घाला. आणि आवाज चाकाच्या बाजूने, खालून येत असेल, तर घरचे प्रयोग बंद. सरळ गॅरेज.

दुसरा, पत्र्याचा नाद. दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. बोटाने टकटक करा. 'ठण' वाजलं तर तो आपलं ताट आहे. इथे बुटाइल शीट खरं काम करते. खाली चिकट बुटाइल, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरला की मधलं बुटाइल दोन्हींच्या मध्ये ताणलं जातं आणि त्या हालचालीची उष्णता होऊन जाते. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर साधारण पाव भाग झाकला तरी बराचसा नाद जातो. त्यापुढे पैसे आणि वजन वाढतं, फायदा तेवढा वाढत नाही. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण तीन-चार किलो भरते, हेही लक्षात असू द्या.

तिसरा, हवेतून येणारा आवाज. टायरची घरघर, वारा, इंजिन. हा फटीतून आत शिरतो. दाराची रबर बीडिंग कडक झालीय का, फाटलीय का बघा. टायर वेडेवाकडे झिजलेत का, हवा बरोबर आहे का बघा. टायर घरघरत असतील तर शीटच्या पैशांत दोन टायर बदललेले बरे.

आता लावायचंच असेल तर चार गोष्टी. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धुळीवर काही चिकटत नाही. रोलर जोरात फिरवा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी स्वस्त मिळते म्हणून लावू नका. मे महिन्यात ती मऊ होते, वास मारते, घसरते.

सगळ्यात महत्त्वाचं: पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात. काही गाड्यांमध्ये दाराच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, धडक त्यावरून कळते. तुमच्या गाडीत तो असेल तर दार उघडायचं काम जाणकारालाच द्या.

फरक किती पडला? फोनच्या अ‍ॅपवर ऐंशीच्या स्पीडला आधी 71 डेसिबल, नंतर 69. आकडा बघून माझं तोंड पडलं. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात, ते शीटने कधीच होणार नव्हतं. शिवाय असं मोजमाप बहुतेक वेळा कानाच्या हिशोबाने होतं, त्यात खालचा घुमणारा आवाज कमी धरला जातो. आणि शीटने कमी झाला होता तो नेमका तोच. म्हणजे गाडी शांत झाली नाही. घुमणं गेलं, एवढंच.

सांध्याचं काम झाल्यावर आम्ही सांगलीला निघालो. खंबाटकी चढताना मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "बाबा, शिरवळला चहा घ्यायचा राहिला." ते समोर बघतच म्हणाले, "मी कधीचं बोलणार होतो. तू थांबलाच नाहीस." मग वर म्हणाले, "गिअर खाली घे आता."

साताऱ्यापर्यंत त्यांनी मला गाडी कशी चालवायची ते शिकवलं. मी सगळं ऐकून घेतलं.

तुमच्या गाडीत कुठला आवाज येतो? फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात आपण मिळून ओळखू. रेकॉर्डिंग मात्र शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. भेटू!